बिपिन बुकलवारचे वेड: भा. रा. भागवत आणि मुलांची पुस्तके

भास्कर रामचंद्र भागवत म्हटले की आपल्या पिढीला पटकन आठवतो तो फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, पुण्याची विद्याभवन शाळा आणि तोंडातून निघणारे ते ‘ट्टॉक’. 2017 साली त्याच्यावर चित्रपट आला, त्यामुळे नातवंडांनाही हे नाव ठाऊक झाले. पण भागवतांनी आणखी एक नायक निर्माण केला होता. त्याचे नाव बिपिन बुकलवार. आडनाव मोठ्याने म्हणून पाहा, त्यात ‘बुक लव्हर’ ऐकू येईल. पुस्तकवेडा मुलगाही धाडसी कथेचा नायक होऊ शकतो, असे वाटणारा लेखक स्वतः किती पुस्तकवेडा असेल, याची कल्पना या एका आडनावावरून येते.

इतरांची पुस्तके मुलांपर्यंत

भागवतांचा जन्म 31 मे 1910 रोजी इंदूरचा. 27 ऑक्टोबर 2001 रोजी ते गेले. त्यांनी स्वतःच्या कथा तर भरपूर लिहिल्याच, पण आपल्याला आवडलेली दुसऱ्यांची पुस्तके मराठी मुलांना मिळावीत म्हणूनही तेवढेच कष्ट घेतले. ज्यूल व्हर्न हा फ्रेंच लेखक (1828–1905) मराठी घराघरांत पोचला, त्यात भागवतांचा वाटा मोठा आहे. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावेच पाहा. अनुवाद वाचतो आहोत असे मुलांना वाटू नये, याची काळजी नावापासूनच घेतलेली दिसते. लुइस कॅरोलची अ‍ॅलिस त्यांच्याकडे येऊन ‘जाई’ झाली आणि पुस्तक झाले ‘जाईची नवलकहाणी’.

पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यकार होत्या. दोघांनी मिळून 1950 च्या दशकात ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक चालवले. मासिक चालवायचे म्हणजे नुसते लिहून भागत नाही. कागद, छपाई, वर्गणी, टपाल, सगळे पाहावे लागते. लेखकाने हा व्याप अंगावर घ्यायचा कशाला? कारण लिहिलेले पुस्तक आपोआप मुलाच्या हातात जात नाही. मूल स्वतः पैसे घेऊन दुकानात येत नाही. मधे कोणीतरी मोठे माणूस लागतेच.

आधीचे आणि नंतरचे

ही जाण भागवतांच्या आधीही होती. वासुदेव गोविंद आपटे (1871–1930) यांनी 1906 साली ‘आनंद’ हे मुलांचे मासिक सुरू केले. आपटे कोशकारही होते, ‘मराठी शब्दरत्नाकर’ त्यांचाच. एवढा शब्दांचा अभ्यासक माणूस मुलांसाठी सोपे लिहिण्यात कमीपणा मानत नव्हता.

आजच्या काळात हेच काम माधुरी पुरंदरे यांनी वेगळ्या रीतीने केले. 1952 साली जन्मलेल्या पुरंदरे लेखिका आहेत आणि चित्रकारही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना 2014 मध्ये मिळाला. त्यांचे ‘वाचू आनंदे’ हे बालगट आणि कुमारगट मिळून चार भागांचे संकलन ज्योत्स्ना प्रकाशनाने काढले आहे. त्यात मराठीतल्या नामवंत लेखकांचे वेचे आहेत, सोबत चित्रे आहेत आणि मुलांना विचार करायला लावणारे उपक्रम आहेत. वेचा आवडला की मूल मूळ पुस्तक मागते, यातच या संकलनाचे यश आहे.

आपल्या भागातला प्रश्न

बेळगावात वाचनाची परंपरा जुनी आहे. येथील सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे आहे. तरीही अनगोळ, टिळकवाडी, शहापूर किंवा निपाणीत आज एखाद्या आजोबांना नातीसाठी मराठी गोष्टीचे पुस्तक घ्यायचे झाले, तर सहज मिळतेच असे नाही. जून महिन्यात दुकाने वह्या, गाईड आणि पाठ्यपुस्तकांनी भरलेली असतात. गोष्टीची पुस्तके कोपऱ्यात, तीही मोजकीच. यात दुकानदाराचा दोष नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एवढे कळते की जो माल हलत नाही त्यात कोणी पैसा अडकवत नाही. मागणी नाही म्हणून पुस्तक नाही, आणि पुस्तक दिसत नाही म्हणून मागणी नाही.

आपली बरीच नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यांच्यासाठी मराठी हा परीक्षेचा विषयही नसतो. अशा मुलांना गोष्टीचे पुस्तक हीच मराठी वाचायची एकमेव गोडी. ती वेळेवर लागली नाही, तर दहा वर्षांनी त्यांना घरातले जुने पत्रही वाचता येणार नाही.

काय मिळते, कुठे मिळते

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत मराठी पुस्तके माफक किमतीत मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या 2015 मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर लहानांसाठी मराठी सचित्र गोष्टी फुकट वाचता येतात. अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी त्या विशेष सोयीच्या, कारण पानावर एकदोनच ओळी असतात.

पुण्याला जाताना वेळ असेल तर साताऱ्याहून वळून पाचगणीजवळच्या भिलारला मुलांना न्यावे. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून प्रेरणा घेऊन 4 मे 2017 रोजी तेथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले. गावातल्या घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत, बसून वाचता येतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मुलाला बरोबर घेऊन जावे आणि पुस्तक त्यालाच निवडू द्यावे. आपण निवडलेले पुस्तक कपाटात राहते, त्याने निवडलेले उशाशी जाते.

घरी आणि मंडळात

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी वीसतीस रुपयांचे मुलांचे पुस्तक वाण म्हणून देता येते. गणेशोत्सवातल्या स्पर्धांची बक्षिसे, वाढदिवस, मुंज हेही प्रसंग आहेतच. अशी खरेदी शक्यतो गावातल्याच दुकानातून करावी, हवे ते पुस्तक नसेल तर नाव लिहून देऊन मागवून घ्यावे. पाचदहा घरांनी वर्षभर असे मागितले, तर दुकानदार पुढच्या वेळी दोन प्रती स्वतःहून जास्त मागवील.