काचेचे रबर (मोटारगाडी)

काचेचे रबर ही मोटारगाडीच्या समोरील काचेभोवती बसवलेली रबरी पट्टी होय. मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत काच याच पट्टीच्या आधारावर बसते. पट्टीला दोन खाचा असतात. एकीत काचेची, तर दुसरीत पत्र्याची कड अडकते.

उन्हाने रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. पावसाळ्यात त्यांतून झिरपलेल्या पाण्याने पत्र्याची कड गंजते. म्हणून नवे रबर बसवण्यापूर्वी गंज काढून रंग लावणे आवश्यक असते. त्यानंतर काचेवर रबर चढवून मोकळ्या खाचेत सभोवार दोरी घालतात व साबणाचे पाणी लावून काच बाहेरून टेकवतात. दोरीची टोके आतून ओढली असता रबराची कड पत्र्यावर चढते.

अलीकडील गाड्यांत काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने जोडलेली असते व बाहेरची पट्टी बहुधा केवळ फट झाकते. अशा गाडीत पाणी गळत असल्यास पट्टी बदलणे पुरेसे नसते. मूळ जोड तपासावा लागतो. अनेक गाड्यांत अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या एअरबॅगला काचेचा आधार मिळत असल्याने हा जोड प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा असतो.