पार्क स्की : टिकाऊपणा

टेरेन पार्कमधील पोलादी रेल, प्लॅस्टिकच्या पृष्ठाचे बॉक्स, उड्यांसाठी रचलेले बर्फाचे उंचवटे आणि हाफपाइप यांवर कसरती करण्यासाठी बनवलेल्या स्कीला पार्क स्की म्हणतात. पुढचे आणि मागचे अशी तिची दोन्ही टोके वर वळलेली असतात, त्यामुळे ती उलटीही घसरते. बुटाखालच्या अरुंद भागात तिची रुंदी साधारण 80 ते 95 मिमी. असते. उतारावरची नेहमीची स्की झिजत झिजत निकामी होते. पार्क स्की बहुधा मार खाऊन निकामी होते. म्हणून तिचे आयुष्य हंगामांत मोजण्यापेक्षा रेलवर घालवलेल्या दिवसांत मोजणे योग्य. केवळ उड्यांसाठी वापरलेली जोडी अनेक हंगाम चालते. तीच रोज रेलवर नेली, तर तिची कड पहिल्याच हंगामात फुटू शकते.

इतिहास : 1995 मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात जेसन लेविन्थल याने ‘लाइन’ या स्की-कंपनीची सुरुवात केली. 1998 मध्ये सालोमाँ कंपनीने ‘टेनएटी’ ही स्की आणली. तिच्यामागे माइक डग्लस, जे. पी. ऑक्लेर आदी कॅनेडियन स्कीपटूंचा आग्रह होता. 2002 मध्ये स्कीपटूंनीच ‘आर्माडा’ ही कंपनी स्थापन केली. स्कीतील स्लोपस्टाइल (रेल व उड्यांची सलग फेरी) व हाफपाइप हे प्रकार सोची येथे 2014 मध्ये, तर बिग एअर (एकाच मोठ्या उडीची स्पर्धा) बीजिंग येथे 2022 मध्ये ऑलिंपिकमध्ये आले.

रचना : खालून वर पाहता तळ, त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा, काचतंतूंचा थर, लाकडी गाभा, पुन्हा काचतंतूंचा थर आणि वरचा रंगीत थर अशी चवड असते. हे सर्व एपॉक्सी राळेने दाबाखाली चिकटवतात. बाजूंना प्लॅस्टिकची भिंत असते. प्रत्येक थर शेजारच्या थराला किती घट्ट धरतो यावर सगळा टिकाऊपणा अवलंबून असतो, आणि पोलाद, प्लॅस्टिक व लाकूड हे तीन परके पदार्थ जिथे एकत्र येतात ती कडेची जागाच सर्वांत कच्ची असते.

कड : स्कीपटू हिला ‘एज’च म्हणतात. सामान्य स्कीची कड सुमारे 2 मिमी. जाडीची असते, तर पार्कसाठी खास बनवलेल्या स्कीत ती 2.5 मिमी.च्या आसपास ठेवतात. हा अर्धा मिलिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतो, पण प्रस्तुत नोंदकाराच्या मते जोडी विकत घेताना सर्वांत आधी हाच आकडा विचारावा. कडेच्या आतल्या बाजूला दातेरी पट्टी असते. ती थरांत रुतून बसते आणि दात्यांमधल्या फटींत राळ शिरून पकड मिळते. पोलादाची कठीणता रॉकवेल सी मापावर साधारण 45 ते 50 असते. याहून कठीण पोलाद धार अधिक धरते पण लवकर तडकते, तर मऊ पोलाद तडकण्याऐवजी चेपते.

कड फुटण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने होते. स्कीपटू उडी मारून रेलवर आडवा उतरतो, तेव्हा त्याचे सगळे वजन बुटाखालच्या काही मिलिमीटर पोलादावर येते, आणि समोरही पोलादच असते. उडी तोकडी पडून कड रेलच्या तोंडावर आपटली, तर घाव आणखी वाईट बसतो. कडेमागचा आधार म्हणजे रबराची पातळ पट्टी आणि लाकूड. दोन्ही दबणारे असल्याने कड आत चेपते आणि तिथे बारीक खोक पडते. यानंतर स्की जितक्या वेळा वाकते, तितक्या वेळा त्या खोकेपाशी ताण एकवटतो. धातूचा शिणवटा साचत जातो आणि एके दिवशी आडवी चीर दिसते. शेवटचा घाव हलका असला तरी चीर पडते, त्यामुळे ‘आज काहीच केले नव्हते, तरी कड गेली’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते. वारंवारच्या घर्षणाने आणि ठोक्यांनी कडेचा पृष्ठभाग जागोजागी इतका कठीण होतो की कानस त्यावरून नुसती घसरते. तिथे आधी हिऱ्याचा दगड फिरवावा लागतो.

बुटाखालची कड कानशीने बोथट करण्याची रीत सर्वत्र आहे. त्यामुळे कड रेलमध्ये अडकून पडण्याचा धोका कमी होतो, हे सर्वमान्य आहे; ती फुटण्याचे टळते का, याबाबत मात्र मतभेद आहेत. हाफपाइपमध्ये ही युक्ती उलटते. सुमारे 6.7 मी. उंचीच्या कडक, गोठलेल्या भिंतीवर धार नसलेली स्की पकड सोडते. म्हणून दोन्ही प्रकार खेळणारे शक्य असल्यास दोन जोड्या ठेवतात.

पाणी : फुटलेली कड स्वतः स्कीला मारत नाही, चिरेतून शिरलेले पाणी मारते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते. दिवसा भिजणे आणि रात्री गोठणे हा क्रम काही आठवडे चालला की थर पाचरीने उचकटावा तसे सुटू लागतात. लाकडी गाभा पाणी पितो, फुगतो, कडेवर तांबूस गंज चढतो. त्यामुळे चीर दिसल्यावर त्याच दिवशी स्की घरात आणून पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ती हीटरला टेकवून वाळवू नये, कारण राळ उष्णतेने मऊ पडते. उन्हाळ्यातल्या पार्कांत आणखी एक शत्रू असतो. अमेरिकेतील माउंट हूडच्या पामर हिमक्षेत्रावर बर्फ घट्ट राहावा म्हणून मीठ टाकतात. तिथून आलेली जोडी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी न केल्यास कडा झपाट्याने गंजतात.

तळ : पॉलिएथिलीनचा असतो. भुकटी दाबून व तापवून घडवलेला तळ वितळवून ओढलेल्या तळापेक्षा झिजेला अधिक तोंड देतो आणि मेणही जास्त शोषतो. ओढलेला तळ स्वस्त आणि डागडुजीला सोपा. पार्कसाठीच्या काही स्कींत तळाची जाडी नेहमीपेक्षा वाढवलेली असते.

बाजू व गाभा : बाजूची भिंत बहुधा एबीएस प्लॅस्टिकची असते. कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होऊन त्याचे टवके उडतात. पॉलिएथिलीनची भिंत थंडीतही चिवट राहते, पण तिला राळ सहजी चिकटत नाही. चिकटवण्याआधी तिचा पृष्ठभाग ज्योतीने किंवा घासून तयार करावा लागतो, आणि त्यात कसूर झाली तर हीच भिंत आधी सुटते. गाभ्यासाठी पॉप्लर, अ‍ॅस्पेन, मेपल, अ‍ॅश आणि बांबू वापरतात. बांबूचे समर्थक पुष्कळ आहेत. तथापि केवळ लाकडाच्या जातीवरून टिकाऊपणा ठरवता येत नाही. बुटाखाली कडेलगत कठीण लाकडाची पट्टी असल्यास कड कमी चेपते. टोकांवर भार देऊन स्की वाकवण्याच्या कसरतींत, ज्यांना ‘बटर’ म्हणतात, स्की दर वेळी वाकून वाकून कालांतराने मूळची उसळी गमावते.

वापरणारा : वजन, कसरतीचा प्रकार, उतरण्यातील सफाई आणि पार्कची निगा यांचा परिणाम बनावटीइतकाच मोठा असतो. बॉक्सचा माथा प्लॅस्टिकचा असल्याने तो कडेला जवळजवळ इजा करत नाही. रेलच्या सांध्यावरचा वेल्डिंगचा उंचवटा किंवा निघालेला खिळा मात्र तळाला लांब चर पाडतो.

चाचणी व हमी : वारंवार भार देऊन अल्पाइन स्की वाकवण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, पण ती रेलवरच्या आघाताविषयी काही सांगत नाही. बहुतेक हमीपत्रांत रेलमुळे झालेली कडेची हानी वगळलेली असते. पार्क स्की म्हणून विकलेल्या वस्तूला पार्कमधल्याच वापराची हमी नसावी, ही बाब गंभीर आहे. ग्राहकाने ही अट खरेदीपूर्वीच वाचावी.

दुरुस्ती : सुटलेला थर हलकेच उघडून काही दिवस पूर्ण वाळू द्यावा. ओल राहिली तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. मग अल्कोहोलने पुसून सावकाश घट्ट होणारी एपॉक्सी पातळ पात्याने खोलवर सारावी, मेणकागद लावून क्लॅम्पने आवळावे आणि किमान 24 तास हलवू नये. झटपट सुकणारा गोंद थंडीत तडकतो. कडेचा तुकडा बाहेर डोकावत असल्यास तो घासून सपाट करतात. फारच वाकला असल्यास तेवढा कापून काढून पोकळी राळेने भरतात. तळातला साधा चर प्लॅस्टिकची कांडी वितळवून बुजवता येतो, पण कडेलगतचा नाही: वितळलेले पॉलिएथिलीन पोलादाला धरत नाही. तिथे चिकट घटक मिसळलेले प्लॅस्टिक वापरतात किंवा तळाचा तुकडाच बदलतात.

बर्फाविना : ब्रिटनमधील कृत्रिम उतारांवर प्लॅस्टिकच्या घर्षणाने तळ आणि कडा लवकर झिजतात. स्लोपस्टाइलपटू जेम्स वुड्स ज्या शेफील्डच्या उतारावर शिकला, तो 2012 मधील आगीनंतर बंद पडला.



निकाली काढणे : बुटाखाली दोन्ही कडा सलग सुटल्या, गाभा बोटाने दाबल्यावर दबू लागला किंवा बूट स्कीला जखडणाऱ्या बाइंडिंगचे स्क्रू लाकडात फिरू लागले, की स्की निकाली काढावी. पहिल्या दोन दोषांत थोडी मुदत मिळते. तिसऱ्यात बाइंडिंग उडीच्या मध्यात उखडू शकते.