न्यूकॅसलचे कोळसे आणि बरेलीचे बांबू

परक्या भाषेचे व्याकरण मनुष्य दोनचार वर्षांत शिकतो, शब्द कोशातून उचलतो. परंतु त्या भाषेचे वाक्संप्रदाय त्याला जन्मभर चकवीत राहतात. वाक्संप्रदाय हा त्या त्या समाजाच्या अंगणात, बाजारात, शेतात किंवा बंदरावर जन्मलेला असतो, आणि त्याचे भाषांतर करावयाचे तर दोन्ही घरांची ओळख लागते. जेथे एखादी वस्तू विपुल आहे तेथेच ती वाहून नेण्याच्या निरर्थक खटाटोपाला इंग्रज मनुष्य 'न्यूकॅसलला कोळसे नेणे' असे म्हणतो. कारण इंग्लंडच्या ईशान्येकडील त्या बंदरातून शतकानुशतके लंडनला कोळसा जात असे. ही हकीकत ज्याला ठाऊक नाही त्याला वाक्यातला एकही शब्द अडत नाही, आणि तरीही वाक्य कळत नाही. ही अडचण महाराष्ट्रात कोणत्या साधनांनी दूर करण्यात आली, आणि आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ती दुप्पट कशी झाली, याचा इतिहास सुशिक्षित कुटुंबांनी विचारात घेण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम मुंबई इलाख्याकडे पाहू. तेथे पेशवाईच्या अस्तानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. सुमारे चाळीस हजार शब्दांचा हा ग्रंथ कँडी बंधू व अनेक शास्त्री यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला असून १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. त्यात नुसते शब्द नाहीत. बायकांच्या तोंडच्या म्हणी आहेत, शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या बोलण्यातले प्रयोग आहेत. हा कोश मराठी शिकू इच्छिणाऱ्या इंग्रजासाठी होता. उलट दिशेचा, इंग्रजीकडून मराठीकडे येणारा मोठा कोश मोल्सवर्थने आरंभून टॉमस कँडीने पुरा केला, तो १८४७ साली निघाला. मधल्या काळात, १८३२ च्या ६ जानेवारीस, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. त्याच्या पृष्ठावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापलेला असे. एकच वार्ता दोन भाषांत वाचणाऱ्या होतकरू तरुणाला याहून चांगली पाठशाला कोणती मिळाली असती?

पुढे तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेने हेच काम शाळकरी मुलांसाठी केले. मराठी वाक्याचे इंग्रजी करावयाचे, इंग्रजीचे मराठी करावयाचे, आणि चुकेल तेथे थांबून नियम पाहावयाचा, ही तिची पद्धत. तिची थट्टा पुष्कळांनी केली, तथापि कित्येक पिढ्यांचे इंग्रजी तिच्यावरच उभे राहिले. या साऱ्या साधनांत एक गोष्ट समान होती. शिकणाऱ्याचा एक पाय मराठीत घट्ट रोवलेला असे, आणि दुसरा पाय तो इंग्रजीत टाकीत असे. म्हणूनच जॉन्सन व मेकॉले यांच्या वाचनावर पोसलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ साली 'निबंधमाला' काढतात तेव्हा त्यांची मराठी दुबळी झालेली दिसत नाही. ती अधिकच जोमदार झालेली दिसते.

औरंगाबादची परिस्थिती निराळी होती. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसविलेल्या खडकीचे हे शहर. वली आणि सिराज या आद्य उर्दू कवींची नावे याच्याशी निगडित आहेत. तेव्हा उर्दू ही येथे पाहुणी नव्हती, घरचीच होती. पण ती काही घरांची होती. जिल्ह्यातील बहुजनसमाज मराठी बोलत होता. १८८४ च्या सुमारास निजामी राज्याच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले व उच्च शिक्षणही उर्दूतून मिळू लागले. इंग्रजी हा मात्र आवश्यक विषय राहिला. हिंदुस्थानातील बहुतेक विद्यापीठे सर्व विषय इंग्रजीतून शिकवीत असता एका देशी भाषेला हा मान मिळावा, ही गोष्ट थोर होती यात शंका नाही. औरंगाबादेत १९२३ साली निघालेले महाविद्यालय याच व्यवस्थेतले.

याच शहरात एका मोठ्या कोशाचा जन्म झाला, ही गोष्ट आज किती नागरिकांना ठाऊक असेल? मौलवी अब्दुल हक हे उत्तर हिंदुस्थानातील हापुडचे, अलीगढचे पदवीधर. औरंगाबादेत ते शिक्षणखात्याचे अधिकारी व पुढे महाविद्यालयाचे प्राचार्य होते. 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आल्यावर त्यांनी तिचे कार्यालयच येथे आणिले, छापखाना घातला, आणि १९२१ पासून 'उर्दू' नावाचे त्रैमासिक चालविले. १९३७ साली या संस्थेने औरंगाबादेहून त्यांच्या संपादकत्वाखाली इंग्रजी-उर्दू प्रमाणकोश प्रसिद्ध केला. जे काम कँडीने मराठीसाठी नव्वद वर्षांपूर्वी केले होते, ते येथे उर्दूसाठी अधिक विस्ताराने झाले.

आता या व्यवस्थेत एखाद्या मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याची स्थिती कशी होत असेल याची कल्पना करा. पुस्तकात न्यूकॅसलचे कोळसे आले. गुरुजी म्हणणार, 'उलटे बाँस बरेली को.' उर्दूत या अर्थी हीच म्हण चपखल आहे, कारण बरेली हे बांबूच्या व्यापाराचे गाव. ज्याच्या घरी उर्दू बोलतात तो मुलगा हसून मान डोलावणार. मराठी मुलाने मात्र न्यूकॅसलही पाहिलेले नाही आणि बरेलीही. कोळसे समजण्यासाठी त्याला आधी बांबू समजून घ्यावयाचे! 'कोकणात नारळ न्यावेत तसे' एवढे कोणी त्याच्या कानात सांगितले असते तर क्षणात उजेड पडला असता. त्याची बुद्धी कमी नव्हती. त्याला एका जिन्याच्या जागी दोन जिने चढावे लागत होते, आणि पहिल्याच जिन्यावर अनेकांचा दम संपे. १९१५ साली येथे सरस्वती भुवन संस्था निघाली, तिच्यासारख्या खासगी शाळांचे मोल या दृष्टीने पाहिले पाहिजे.

परंतु या चित्राची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. उर्दू आणि मराठी या शेजारणी आहेत. इंग्रजाच्या घरी पावसाबरोबर कुत्री-मांजरे पडतात. मराठी माणसाकडे पाऊस मुसळधार असतो आणि उर्दू बोलणाऱ्याकडेही 'मूसलाधार'च. इंग्रज कटी आवळतो, तर आपण कंबर कसतो. ती कंबर फारसीतून आली आणि उर्दूतही ती कसलीच जाते. अशा ठिकाणी दुसरा जिना एका पायरीचा होई. स्वतः अब्दुल हकांनी मराठीवरील फारसीच्या परिणामांविषयी पुस्तक लिहिले आहे, आणि बीबीच्या मकबऱ्याच्या बागेतील नामदेव माळ्याचे त्यांनी रेखाटलेले शब्दचित्र उर्दूत प्रसिद्ध आहे. शेजाऱ्याकडे आदराने पाहणारा हा मनुष्य होता. उणीव राहिली ती वेगळ्याच ठिकाणी: त्याने उर्दूसाठी येथे जी तपश्चर्या केली तशी मराठीसाठी याच शहरात त्या काळी झाली नाही. राजसत्तेचा आश्रय एकीला होता, दुसरीला नव्हता.

पुढे अंजुमनचे कार्यालय दिल्लीस गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राज्य संपले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. ज्यांच्या घरी अक्षराची परंपराच नव्हती अशी मुले त्याच्या वर्गांत इंग्रजी ग्रंथ वाचू लागली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मधला जिना निघून गेला. मराठीतून सरळ इंग्रजीकडे जाण्याची वाट मोकळी झाली.

आणि आज? आज आपण मराठीचाच जिना काढून टाकीत आहो. तिसऱ्या वर्षी मूल इंग्रजी शाळेत जाते, आणि घरातही त्याच्याशी मोडके इंग्रजी बोलणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाते. आईबापांचा हेतू वाईट नाही. इंग्रजीवाचून नोकरी नाही हे त्यांनी अनुभवलेले आहे. पण त्या मुलाला न्यूकॅसलचे कोळसे समजावून देण्यासाठी शिक्षकाने कोठे बोट दाखवावे? कोकणातल्या नारळांची म्हणही त्याला परकीच. त्याच्या विद्यार्थीकोशात अर्थ मिळेल, तो परीक्षेत लिहील, आणि विसरेल. 'नक्राश्रू', 'सुवर्णमध्य', 'प्रकाश टाकणे' हे प्रयोग आपल्या पूर्वजांनी इंग्रजीतून आणून मराठीत असे मुरविले की आज ते परके वाटत नाहीत. ज्यांच्याकडे मुरविण्यासाठी स्वतःचे भांडे होते त्यांनाच ते साधले.

मोल्सवर्थ, कँडी, अब्दुल हक यांपैकी एकानेही इंग्रजी अधांतरी मोजली नाही. प्रत्येकाने ती एका जिवंत भाषेच्या तराजूत घातली. मराठी मुलास इंग्रजी उत्तम यावी, अगदी इंग्रजाच्या मुलाइतकी यावी, ही इच्छा योग्यच आहे. तिच्यासाठी त्याला रोज दहा इंग्रजी वाक्संप्रदाय अवश्य शिकवावेत; मात्र प्रत्येकासमोर 'आपल्याकडे याला काय म्हणतात?' हा प्रश्न त्याला विचारीत जावे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर आजीकडे पाठवावे.