गाडीत दुसरी बॅटरी आणि सोलर चार्जिंग: ४×४ घेऊन फिरणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत पूर्ण माहिती

मागच्या मे महिन्यात आम्ही मित्राची ४×४ घेऊन जालन्याहून मंठामार्गे लोणारला निघालो होतो. मुक्काम मंठ्याच्या पुढे, ओळखीच्यांच्या शेतात. सोबत मित्राचे वडील होते आणि त्यांचं इन्सुलिन गाडीतल्या छोट्या १२ व्होल्टच्या फ्रीजमध्ये. रात्रभर फ्रीज चालू, पंखा चालू, चार फोन चार्जिंगला. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक! धक्का मारायचा म्हटलं तर नांगरलेलं रान, सगळी ढेकळं. शेवटी शेजारच्या मळ्यातला ट्रॅक्टर आला, जंपर केबल लावली आणि गाडी चालू झाली. तोपर्यंत फ्रीजही बंद, आणि ऊन चढायला लागलेलं.

त्या दिवशी कळलं, गाडीची बॅटरी म्हणजे पॉवर बँक नाही. मग पॉवर बँक वेगळी कशी लावायची? आजच्या लेखात तेच पाहू.

एक बॅटरी का पुरत नाही?

गाडीची मूळ बॅटरी स्टार्टरसाठी असते. तिच्यातल्या प्लेट पातळ असतात, म्हणून ती दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर करंट देऊ शकते. पण हळूहळू खाली करत नेली, तर ती लवकर खराब होते. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचं बरोबर उलटं: प्लेट जाड, करंट कमी, पण तासन् तास. याला डीप सायकल बॅटरी म्हणतात.

आमच्या त्या रात्रीचा हिशोब बघा. फ्रीज, पंखा, दिवे, फोन मिळून साधारण ४० एएच (अँपिअर-अवर) गेले. बॅटरी ६० एएचची, तीही जुनी. मग सकाळी काय उरणार?

उपाय सोपा आहे. स्टार्टरला एक बॅटरी, बाकी सगळ्याला दुसरी, आणि इंजिन बंद झालं की दोघींचा संबंध तोडायचा.

आधी हिशोब, मग खरेदी

फोनची बॅटरी आपण एमएएचमध्ये मोजतो. पण वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्यांची तुलना करायची तर वॉट-अवर बघा. ५००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॉट-अवर. चार्जिंगमधला तोटा धरून २५ समजा. आमचा एका दिवसाचा खर्च असा:

- फ्रीज (४५ वॉट, उन्हाळ्यात निम्मा वेळ कॉम्प्रेसर चालू): ५४०
- पंखा (१५ वॉट, ८ तास): १२०
- चार फोन: १००
- लॅपटॉप एकदा: ६०
- एलईडी दिवे (१० वॉट, ५ तास): ५०

एकूण ८७० वॉट-अवर. यातले ५४० एकटा फ्रीज खातो! फ्रीज नसेल तर ३३० मध्ये भागतं. म्हणून सगळ्यात आधी ठरवा, फ्रीज हवा की नको. बाकीचा खर्च त्यावरच अवलंबून आहे.

कोणती बॅटरी घ्यावी?

लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली नेऊ नये. म्हणजे १०० एएचच्या बॅटरीतून वापरायला ६०० वॉट-अवरच मिळतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएच बॅटरी १२८० वॉट-अवरची असते आणि तिच्यातले ८० टक्के, म्हणजे हजारभर, बिनधास्त वापरता येतात. वजनही निम्म्याहून कमी. किंमत मात्र बरीच जास्त.

थोडक्यात, फ्रीज असेल तर लिथियम आणि नसेल तर लेड-ॲसिड. लिथियमला दोन गोष्टी चालत नाहीत. बॉनेटखालची उष्णता, म्हणून ती केबिनमध्ये किंवा डिकीत घट्ट बांधून ठेवा. आणि शून्य अंशाखाली चार्जिंग. लडाखला जाणार असाल तर हे विसरू नका.

दोन बॅटऱ्या जोडायच्या कशा?

पहिला मार्ग: व्होल्टेजवर चालणारा रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ झालं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. स्वस्त आहे, जुन्या गाडीत आणि लेड-ॲसिडला ठीक. पण लिथियम नुसती उभी असतानाही १३.३ च्या आसपास असते, त्यामुळे रिले वेळेवर सुटेलच असं नाही.

दुसरा मार्ग: डीसी-डीसी चार्जर. बऱ्याच बीएस ६ गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. तो इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम कमी करतो, मग दुसरी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. हा चार्जर व्होल्टेज वाढवून बॅटरीला हवं तेवढं देतो. नवी गाडी किंवा लिथियम असेल तर हाच घ्या.

वायरमध्ये कंजुषी करू नका. बॉनेटपासून डिकीपर्यंत ४ मीटर धरा. २० अँपिअरला ४ चौरस मिमीच्या तारेत जवळपास ०.७ व्होल्ट वाटेतच जातो. १६ चौरस मिमीच्या तारेत फक्त ०.१७. आणि फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लस टर्मिनलजवळच हवा. तार कुठे घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटण्यापासून वाचवणारी तेवढीच एक वस्तू आहे.

सोलर किती देतं?

मराठवाड्यात कडक उन्हाच्या दिवसाला ५ तासांचं पूर्ण ऊन धरा आणि त्यातलं ७० टक्केच हातात येतं असं समजा. १०० वॉटचं पॅनेल म्हणजे दिवसाला ३५० वॉट-अवर. फ्रीज नसेल तर एवढ्यात काम होतं.

फ्रीज असेल तर २०० वॉटचं पॅनेल ७०० देईल, पण खर्च ८७०. उरलेले १७० गाडी चालवून भरायचे. २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाभरात साधारण २६० वॉट-अवर भरतो.

इथे लोक तीन गोष्टींत फसतात:

- उष्णता: ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं नाही. टपावरचं पॅनेल मे महिन्यात ६५ अंशांपर्यंत तापलं तर १४ टक्क्यांच्या आसपास वीज कमी होते. पॅनेल आणि टप यांच्यात हवेसाठी फट ठेवा.
- सावली: कॅरियरच्या एका दांड्याची सावली पडली तरी पॅनेलचा मोठा भाग झोपतो.
- कंट्रोलर: १०० वॉटचं पॅनेल १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देतं. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते १३ व्होल्टच्या बॅटरीवर ओढतो, मग हातात ७२ वॉटच. एमपीपीटी घ्या, ९० च्या वर मिळतात.

आणखी एक अडचण. आपण गाडी मोसंबीच्या बागेजवळ सावलीत लावणार, आणि पॅनेलला तर ऊन हवं! म्हणून टपावर पक्कं बसवण्यापेक्षा घडीचं पॅनेल आणि ५-६ मीटर जाड तार आपल्याकडे जास्त कामाची. पावसाळ्यात ढग दाटले की पॅनेल अगदी थोडं देतं, तेव्हा भिस्त अल्टरनेटरवरच ठेवा.

निघण्याआधी एवढं बघा

- रात्री उभ्या गाडीची स्टार्टर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सकाळी १२.२ दिसली तर कुठेतरी काहीतरी चालू राहतंय.
- फ्रीजमध्ये लो, मीडियम, हाय असं बॅटरी प्रोटेक्शन असतं. तो स्टार्टर बॅटरीवर लावायची वेळ आलीच तर हाय ठेवा. आमचा लो वर होता.
- काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वायरिंग कापण्याआधी वॉरंटी आणि इन्शुरन्सचं विचारून घ्या.
- सगळं बसवल्यावर लगेच लांब जाऊ नका. एक रात्र घरासमोर फ्रीज, पंखा चालू ठेवा आणि सकाळी सेल्फ मारून बघा. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, की मग निघा.