मध्यान्हींचा मासा

गळ टाकणाऱ्यांचा जुना नियम असा कीं, उन्हाळ्यांत पहांटे व सायंकाळीं पाण्यावर असावें, मध्यान्ह विश्रांतीची. अमेरिकेंतील गोड्या पाण्यांतला शिकारी मासा जो ब्लॅक बास, त्याच्याविषयींहि हीच समजूत रूढ होती. वस्तुतः ऊन चढलें कीं हा मासा बहुधा केवळ जागा बदलतो. पाणवनस्पतींच्या दाट सावलींत किंवा किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यांत तो उतरतो. मात्र अगदीं तळाशीं जात नाहीं. कारण पुष्कळ सरोवरांच्या तळच्या गार थरांत उन्हाळ्यांत प्राणवायु फार कमी उरतो.

१९४० नंतरच्या दशकांत नॉर्थ कॅरोलायनांतील बक पेरी यांनीं तळ चाचपीत जाणारें धातूचें आमिष तयार केलें, व पाण्याखालील उंचवट्यांवरून माशाचा माग काढण्याची रीत शिकविली. पुढील दशकांत कार्ल लॉरन्स यांनीं ध्वनिलहरींनीं खोली व मासे दाखविणारें यंत्र हौशी मंडळींच्या हातीं दिलें. दुपारचा आसरा उघडा पडला. १९६७ सालीं रे स्कॉट यांनीं आर्कान्सॉमधील बीव्हर सरोवरावर बास धरण्याची स्पर्धा भरविली. आणि १९७२ सालीं त्यांनींच धरलेला मासा जिवंत सोडण्याचा प्रचार आरंभिला.

परंतु ऊन पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. झुंजून थकलेला मासा भर दुपारीं सोडला, तरी जगेलच असें नाहीं. ज्या ज्ञानानें त्याचें लपण्याचें ठिकाण शोधिलें, त्यानेंच हात कोठें आवरावा हेंहि शिकविलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.