चेऊलकरांचा डेव्हिड

समुद्रांतून वांचून आलेल्या माणसांची एक कथा रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या सांगण्यांत येते. अलिबागेजवळ नवगांवापाशीं एक गलबत फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें जिवंत तीरास लागलीं आणि बाकीच्यांचीं प्रेतें तेथेंच पुरण्यांत आलीं. बेने इस्रायल या नांवानें ओळखले जाणारे आपले यहुदी बांधव आपल्या वंशाचा आरंभ येथून मानतात. कोंकणांत राहून हे लोक तेलाचे घाणे चालवूं लागले. शब्बाथच्या दिवशीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना शनिवार तेली म्हणूं लागले. धर्म त्यांनीं आपला राखला. भाषा मात्र मराठीच झाली. गांवांवरून आडनांवें पडलीं : किहीमकर, दिवेकर, पेणकर, चेऊलकर. १८४६ सालीं मुंबईस त्यांचा वल्हांडण सणाचा विधिग्रंथ मराठी अर्थासह छापला गेला, यावरून हा समाज येथल्या मातींत किती रुजला होता हें दिसून येईल.

यांपैकीं चेऊलकरांच्या एका घरीं १९०९ सालीं डेव्हिड अब्राहाम यांचा जन्म झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजांतून १९३० सालीं ते बी. ए. झाले. पुढें त्यांनीं कायद्याची पदवीही घेतली. परंतु ते दिवस जागतिक मंदीचे होते. पदवीधर तरुण कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होते आणि डेव्हिड त्यांतलेच एक होते. मनाजोगती नोकरी कांहीं मिळेना. ठेंगणी मूर्ति आणि लवकरच विरळ झालेले केस. नायकाच्या कामास लागणारें रूपही दैवानें दिलें नव्हतें. तरीही ते चित्रपटसृष्टीकडे वळले. १९३७ सालीं मोहन भवनानी यांच्या ‘झांबो’ या बोलपटांत त्यांना पहिलें काम मिळालें.

या भवनानींचें नांव येथें मुद्दाम लक्षांत ठेवावयाचें आहे. त्यांनीं चित्रपटकलेचें शिक्षण जर्मनींत घेतलें होतें. ज्या देशानें त्यांना विद्या दिली, त्याच देशांत १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला आणि यहुद्यांचा छळ सुरू झाला. प्राग शहरांत जन्मलेले विली हास हे बर्लिनमध्यें एका प्रसिद्ध वाङ्मयीन साप्ताहिकाचे संपादक होते. त्यांना तें सोडून प्रागला परतावें लागलें. १९३९ च्या मार्चमध्यें जर्मन फौजा प्रागमध्येंही शिरल्या. त्यांचे मित्र वाल्टर कौफमान हे आधींच, १९३४ पासून, मुंबईस होते. मुंबईच्या रेडिओ केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग ते पाहत, आणि आकाशवाणीच्या परिचित प्रारंभधुनेचे जनक म्हणून त्यांचेंच नांव घेतलें जातें. कौफमान यांच्या खटपटीनें व भवनानींनीं देऊं केलेल्या कामामुळें हास १९३९ सालीं मुंबईस पोंचले. इब्सेनच्या नाटकावर आधारलेला ‘झूठी शरम’ हा भवनानींचा १९४० चा बोलपट हास यांच्याच लेखणींतून उतरला.

म्हणजे ज्या दारानें चेऊलच्या यहुद्यास पोटाची सोय दिली, त्याच दारानें प्रागच्या यहुद्याचे प्राण वांचविले. दोघांचा धर्म एक. परंतु एकाला नोकरी हवी होती आणि दुसऱ्याला जीव. हा भेद कोणाच्या गुणावगुणामुळें पडलेला नव्हता. तो जन्मस्थानाचा भेद होता. त्या वर्षांत युरोपांत सुमारें ६० लाख यहुद्यांची कत्तल झाली. मुंबईस पोंचलेल्यांनाही लगेच निर्भय जिणें लाभलें असें नाहीं. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पेटतांच इंग्रज सरकारनें जर्मन नागरिकांना शत्रुपक्षाचे म्हणून अहमदनगरच्या छावणींत कोंडलें आणि हिटलरच्या जाचांतून पळून आलेले कित्येक यहुदीही त्यांत सांपडले. चौकशी होऊन त्यांतील बहुतेकांची पुढें सुटका झाली. परंतु ज्याच्या भयानें पळालों त्याच्याच माणसांशेजारीं बंदिवासांत बसण्याची पाळी त्यांच्यावर आली, ती आलीच.

इकडे डेव्हिड यांचा व्यवसाय चालूच राहिला. १९४१ च्या ‘नया संसार’मध्यें ते दिसले आणि पुढें शंभराहून अधिक चित्रपटांत त्यांनीं चरित्रभूमिका केल्या. त्यांतील शिरोमणि म्हणजे १९५४ चा ‘बूट पॉलिश’. मायबापांवाचून उघड्या पडलेल्या दोन भावंडांना त्यांची चुलती भीक मागावयास लावते आणि जॉनचाचा त्यांना भीक टाकून श्रमाचें अन्न खाण्यास शिकवितो. हा चाचा कांहीं साधुपुरुष नव्हे. चोरून दारू विकणारा, पोलिसांच्या हातीं लागणारा असा तो मनुष्य आहे. पण स्वतः चुकलेला असूनही मुलांनीं चुकूं नये याची त्याला कळकळ आहे. डेव्हिड यांनीं ती कळकळ उपदेशाचा आव न आणतां दाखविली. या कामाबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालें व १९६९ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. ‘चुपके चुपके’, ‘गोलमाल’, ‘बातों बातों में’ या चित्रपटांतून एका नव्या पिढीनें त्यांना घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या रूपांत पाहिलें. मारेगांवासारख्या गांवीं सिनेगॉग पाहिलेला मनुष्य विरळाच. पण हा हंसरा, टकलू काका तेथल्या प्रेक्षकांसही परका वाटावा असा नव्हता.

त्या काळीं चित्रपटसृष्टींत नांव बदलण्याची रीत होती. रूबी मायर्स यांची सुलोचना झाली, एस्तर अब्राहाम यांची प्रमिला झाली, फ्लॉरेन्स इझिकेल यांची नादिरा झाली. डेव्हिड मात्र शेवटपर्यंत डेव्हिडच राहिले. युरोपांत ज्या काळीं असें नांव कागदावर असणें म्हणजे मृत्यूची चिठ्ठी होती, त्याच काळीं मुंबईच्या चित्रगृहांत तें पडद्यावर ठळक अक्षरांत झळकत होतें आणि त्यांत कोणास कांहीं विशेष वाटत नव्हतें.

विली हास १९४७ सालीं युरोपास परतले व जर्मन भाषेंतच पुन्हां लिहूं लागले. डेव्हिड यांनीं उतारवयांत कॅनडा गांठलें आणि टोरांटो शहरीं त्यांचा अंत झाला. चेऊल तेथून फार दूर. परंतु त्या गांवाचें नांव त्यांच्या आडनांवांत अखेरपर्यंत त्यांच्यासोबत होतें.