पंक, जलसा आणि गाण्याची मुभा

पंक रॉक आणि औसा ही दोन नावे एकाच लेखात आणण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, त्याचे निमित्त वर्गातील एका प्रश्नाचे आहे. आंबेडकरी जलशांविषयी बोलणे चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, 'सर, ही गाणी तर प्रचाराची. मग प्रसंग सरल्यावरही ती टिकली कशी?' उत्तर शोधताना आम्हांला एक दूरचे उदाहरण आठवले. प्रसंगाबरोबर विरून जाईल असे समजले गेलेले आणि तरीही न विरलेले आणखी एक गाणे म्हणजे आरंभीचे पंक रॉक.

न्यूयॉर्कच्या रॅमोन्स या चमूची पहिली तबकडी एप्रिल 1976 मध्ये निघाली. तीत चौदा गाणी होती आणि ती सारी जेमतेम अर्ध्या तासात संपत. दीर्घ वादन, तांत्रिक कसब, भव्य रंगमंच या त्या काळच्या रॉकच्या वैभवाला दिलेला हा नकार होता. लंडनच्या सेक्स पिस्टल्सने ऑक्टोबर 1977 मध्ये आपली एकमेव स्टुडिओ-तबकडी काढली आणि जानेवारी 1978 मध्ये तो चमू फुटलाही. एवढ्या अल्पायुषी गोष्टीचे आकर्षण अर्धशतक का टिकावे? केवळ संताप हे उत्तर पुरेसे नाही. संतापाची कितीतरी गाणी विस्मृतीत गेली आहेत.

आमच्या मते खरे उत्तर गाण्याच्या आसपास सापडते. मँचेस्टरच्या बझकॉक्सने जानेवारी 1977 मध्ये उसन्या पैशांतून चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. मार्क पेरी या तरुणाने जुलै 1976 मध्ये 'स्निफिन ग्लू' हे पत्रक टंकलेखन यंत्रावर तयार करून त्याच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. आपल्याकडील चक्रमुद्रित अनियतकालिके ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यातील मर्म वेगळे सांगायला नको. ऐकणारा आणि करणारा यांच्यातील अंतर येथे कमी झाले होते. 'हे मलाही करता येईल' असे ऐकणाऱ्याला वाटणे, ही मुभा त्या गाण्याने दिली, आणि ती प्रत्येक पिढीला नव्याने मिळते.

आता आपल्या मातीत येऊ. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातील आशय बदलला होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग पुढे नेला. गणातील देवस्तुतीची जागा बाबासाहेबांच्या गौरवाने घेतली, गवळण मागे पडली आणि महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, मुलांचे शिक्षण हे विषय सवाल-जवाबांत आले. भीमराव कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या तोडीचा आहे, असे बाबासाहेब म्हणत, हे सर्वश्रुतच आहे.

1922 साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा कर्डक याच परंपरेत वाढले. तरुणपणापर्यंत निरक्षर असलेल्या वामनदादांनी मोठेपणी अक्षरओळख करून घेतली, 1943 मध्ये गीतरचनेला आरंभ केला आणि 2004 मध्ये निधन होईपर्यंत ते गावोगाव गात राहिले. त्यांची रचना एकदा ऐकून पाठ होते. कारण ज्याच्यासाठी ती होती, त्याच्या हाती पुस्तक नव्हते.

साम्य येथवरच. पंकचा ओबडधोबडपणा हा बव्हंशी शिक्षणाला जाणूनबुजून दिलेला नकार होता. जलसाकारांकडे मात्र ढोलकी-तुणतुण्याचे पिढीजात कौशल्य होते. त्यांना नाकारले गेले होते ते अक्षर आणि प्रतिष्ठा. पंकच्या एका प्रसिद्ध घोषात भविष्यच नाही असा सूर होता. जलशाला भविष्याशिवाय दुसरा विषयच नव्हता. तरीही 1978 हे वर्ष दोन्ही गाण्यांची कसोटी पाहणारे ठरले. 30 एप्रिलला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध भरलेल्या प्रचंड मेळ्यात द क्लॅश गायले. 27 जुलैला महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आमच्या मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंतच्या सोळा वर्षांत मोर्चा निघाला की गाणे निघेच. ते गाणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्यापूर्वी कधी मंचावर चढलेही नव्हते.

बाजाराने दोन्हींना गाठले, हेही मान्य केले पाहिजे. पंकचा फाटका पोशाख दुकानात विकला गेला. भीमगीते कॅसेटवरून डीजेच्या भिंतींवर पोचली. आवाज वाढला आणि शब्द हरवले, ही तक्रार रास्त आहे. परंतु औशासारख्या गावात 14 एप्रिलला एखादे पोर ओळखीच्या चालीवर स्वतःचे दोन शब्द बसवते, तेव्हा मूळची मुभा शाबूत असल्याचे दिसते.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर असे : प्रसंग सरला, तरी मुभा सरत नाही. प्रश्न उरतो तो आम्हां शिकवणाऱ्यांचा. गीताच्या साधेपणाला आपण 'कलात्मक उणीव' म्हणतो, तेव्हा ते गीत कोणासाठी रचले गेले हे आपण विचारतो का? ते न विचारता दिलेले गुण, मग ते पंकला असोत वा वामनदादांना, परीक्षकाविषयीच अधिक सांगतात.